खुलाशाच्या तीन ओळी

ताईस, भांडखोर धाकट्याचा नमस्कार.

कँटीनमध्ये माझी मूठ त्या पोराच्या जबड्यावर बसली, त्याच क्षणी सगळं फिरलं. शिक्षा झाली, कॉलेज अर्ध्यावर सुटलं आणि जिच्यासाठी भांडलो तीही बोलेनाशी झाली. दिसते का गं ती कधी?

इथे मी मजेत आहे. इस्पितळात स्ट्रेचर ढकलतो, वेळेवर जेवतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

डॉक्टरकीच्या अर्जात विचारलंय, कधी शिक्षा झाली होती का? खुलाशाला तीन ओळी. मी कच्च्या कागदावर तिचं रडणं, त्याचे टोमणे, सगळं कोंबलं. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "प्रेमवीरा, जबडा तिने मोडला की तू? बाकीचं खोड."

खोडता खोडता एकच वाक्य उरलं: मी एका मुलाचा जबडा मोडला. ते वाचलं की वाटतं, असल्या हातात पेशंट कोण देईल? सकाळपासून दहादा वाटलं, सरळ 'नाही' लिहावं. पण शेवटी अर्जात तेच वाक्य उतरवलं.

आज शेवटची तारीख. नकार आला तर आईला तूच सांभाळ.

तुझाच,
धाकटा

ता. क. अक्षर हललंय, कारण कागद दारावर टेकवून लिहितोय. अर्ज घेऊन बाहेर पडलो, दार ओढून घेतलंय.