थोरल्यांची गाडी चुकली त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार, अकरा वर्षांचे राहून गेलेले सगळे एकदम धरून. तुझा गुडघा अजून कुरकुरतो का? मेव्हणे (मी पाहिलेले नाहीत, पण आहेत असं कानावर आलं) ठणठणीत असोत. माझी तब्येत उत्तम, वजन मात्र उतरलं आहे. गेल्या वर्षी बाजारात तू समोरून आलीस आणि मी झटकन औषधांच्या दुकानात शिरलो, तेव्हा मला खोकला नव्हता. वस्ती सोडून गेलेल्यांशी बोलायचं नाही हा नियम होता, म्हणून मी खोकल्याची बाटली घेतली आणि घरी येऊन नियमाने ती संपवलीही.

आपल्या वस्तीची वेळ तू विसरली नसशील. जग घाईघाईने नाशाकडे धावतं आहे, म्हणून पंथाची घड्याळं जगाच्या चाळीस मिनिटं मागे. मी आता वस्तीचा घड्याळजी आहे. कुणाचंही घड्याळ माझ्या भिंगाखालून गेलं की चाळीस मिनिटं मागे लावूनच बाहेर पडतं. लोकांच्या बस चुकतात, दवाखाने बंद होतात, नोकरीच्या मुलाखती हातच्या जातात आणि आम्ही म्हणतो, बघा, जगाला आपण नकोच आहोत. (मोबाइल बाळगायचा नाही, त्यामुळे हे म्हणणं छान टिकून होतं.)

तर गेल्या महिन्यात थोरल्यांचं, म्हणजे पंथाच्या सर्वेसर्वांचं, मनगटी घड्याळ बंद पडलं. (तू त्यांना घरात काय म्हणायचीस ते इथे लिहीत नाही.) आजवर ते परस्पर बाहेरून सेल बदलून घेत, या खेपेला त्यांच्या सेवेकऱ्याने आगाऊपणा करून ते माझ्याकडे आणलं. माझ्या हातांना कृतार्थ वाटलं. सेल घातला, तबकडी पुसली, वस्तीच्या वेळेला लावलं, पट्टासुद्धा साबणाने धुतला.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांची गाडी चुकली. मला बोलावणं आलं. ते पलंगावर बसले होते, बॅग पायाशी, आणि चेहरा असा लाल की मी आधी डॉक्टरचाच विचार केला. म्हणाले, "मूर्खा, गाडी काय तुझ्या वेळेने सुटते?" मी हात जोडून म्हटलं, "माझ्या नाही, आपल्या." यावर सेवेकरी खिडकीबाहेर बघायला लागला. ताई, मी स्वभावाने मंद आहे हे तुला ठाऊक आहे, पण तेवढ्यावरून मलासुद्धा कळलं की या माणसाची गाडी आजवर एकदाही चुकली नव्हती.

शिक्षा झाली लेखी क्षमापत्राची. मी तीन दिवस बसलो. "घड्याळ नियमाप्रमाणे लावल्याबद्दल मी लज्जित आहे" याच्या पुढे गाडी जाईना. जेवण जाईना (वजनाचं कारण हेच). चौथ्या दिवशी कागद फाडला, हातातलं घड्याळ जगाच्या वेळेला लावलं आणि फाटकाबाहेर जाऊन बसथांब्यावर उभा राहिलो. फलकावर नऊ दहा लिहिलं होतं आणि बस नऊ दहाला आली. मी भर थांब्यावर रडलो. कंडक्टरने विचारलं, कुठे जायचंय, आणि मला सांगताच येईना, कारण तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता.

परत गेल्यावर तो आईने दिला. भिंतीवरच्या घड्याळाच्या पेटीत, लंबकामागे, घडी करून ठेवलेला. ते एकच घड्याळ ती मला कधी उघडू देत नसे. ती अजून तिथेच आहे, नियमाने जेवते, नियमाने झोपते. पण परवा भाजी निवडता निवडता हळूच म्हणाली, "खरं किती वाजले रे?" मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढची जुडी घेतली. मला त्यावरून फार आशा वाटते.

थोरांस नमस्कार, लहान कुणी असतील तर त्यांना मामाचे आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. चार दिवस राहायला कोपरा मिळेल का? चार म्हणतो आहे, महिनाही होईल. कपबशा विसळतो, घोरत नाही.

ता. क. दोन. वरचं सगळं लिहिलं ते हे लिहायला धीर यावा म्हणून. तुझ्या परीक्षेच्या सकाळी तुझं गजराचं घड्याळ मी मागे केलं होतं. तू ते चोरून जगाच्या वेळेला लावलंस हे मला दिसलं होतं. तू बंद दारावरून परत आलीस, आठवड्यात घर सोडलंस, आणि थोरल्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला घड्याळजीकडे शिकायला घातलं. माझा धंदा तिथून सुरू झाला. मी चुकलो, ताई. क्षमापत्र लिहिता येत नाही म्हणालो होतो. हे एक आलं.

ता. क. तीन. तेच घड्याळ दुरुस्त करून आणलं आहे. आणलं आहे म्हणजे, मी तुझ्या घरासमोरच्या बाकावर बसलो आहे आणि हे पत्र आता दाराखालून सरकवणार आहे. माझ्याकडे पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. तुझ्याकडेही तेवढीच झाली असतील तर दार उघड.