माशांच्या कपाटाचे चोवीस बोल्ट

रवि. ७ नोव्हें. ७६, सांगली
पलटणीतल्या साहेबांनी रिटायरमेंटला कबूल केलेली माशांची काचपेटी पोचली. खालचं कपाट सुट्टं. फळ्या सहा, बोल्ट चोवीस. शालन म्हणली, "कृष्णेत मासं कमी पडलं व्हय?" म्या म्हणलं, हास. वीस वर्षं मिल्ट्रीत रणगाडं जोडलं, हे तासाभराचं काम. १५ ला साखर कारखान्यात फिटर म्हणून हजर व्हायचंय, तवर हाताला सवय.

सोम. ८
तीन बोल्टांना आटंच न्हाईत. गुळगुळीत! कंपनीच्या बैलाला... बाकीचंबी तिरकं चढत्यात, आटं मरत्यात. दिवसभरात दोन बसलं.

बुध. १०
गणपाच्या सायकल दुकानातनं तीन नवीन आणलं. तेबी तिरकंच चढत्यात. कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. शालननं त्यातल्या शिव्या खोडाय लावल्या.

गुरु. ११
गणपा स्वतः आला. "गड्या, तीन खोटं हायत. बाकी चांगलं हायत." एक बोल्ट बोटानंच फिरवला. सरसर आत. तोच काढून मी लावला. तिरका. परत लावला. तिरका. गणपा माज्या हाताकडं बघत ऱ्हायला. च्या न घेता गेला.

शुक्र. १२
हट्टानं परत बसलो.
शालन वरडली, "आवं, रक्त!"
म्या म्हणलं, "कुणाचं?"
माजंच. कोपऱ्याच्या पत्र्यानं उजवी दोन बोटं चिरलेली, फळी लाल. मला पत्ताच न्हाई. शालननं सुई आणली, डोळं झाका म्हणली. झाकलं. वाट बघितली. "टोच की."
"टोचलीया."
बाही वर सारली. कोपराखालचा पांढुरका चट्टा, सा म्हैनं गजकर्णाचं मलम लावतोय त्याला. शालननं तो बघितला. ज्या रोगाला लोक गावाभाईर ठेवत्यात, त्याचं नाव दोघांनीबी काढलं न्हाई. लय भ्यालोय.

रवि. १४
कंपनीला लिहिलेलं पत्र चुलीत घातलं. कपाट शालननं पुरं केलं. गणपाचं तीन, कंपनीचं एकवीस. म्या डाव्या हातानं फळी धरली. कपाट अजिबात हलत न्हाई.
उद्या सकाळी साताला कारखान्याची गाडी. साताचीच मिरजेची, डॉक्टरकडं. पिशवी भरलीया, कुठल्या गाडीसाठी ते ठरलं न्हाई.
सांजंला पेटीत पाणी वतलं. शालन चुलीपास्नं म्हणली, "मासं सोडायचं तर लय गार न्हाई न्हवं? बघा की."
सवयीनं उजवा हात घातला.
गार का कोमट, कायबी कळंना. तो काढून डावा घातला, तवा गार लागलं.