मुठीवरचा खळगा

जळगाव, गुरुवार, १२ डिसेंबर

शहर संग्रहालयातला लाकडी मुठीचा लोखंडी आकडा मी, इथला मार्गदर्शक, इतकी वर्षे पाहुण्यांना शेतीचे अवजार म्हणून समजावत आलो. मुठीवरचा खळगा किडीचा, हेही सप्रमाण. आज पिंप्राळ्याच्या एक वृद्ध अक्का हसल्या.

"मास्तर, हाऊ कापूसन्या गाठी ओढाना आकडा शे. मना मालक जिनमा हमाल व्हतात."

नियम मोडून मी काचपेटी उघडली. अक्कांनी खळग्यात अंगठा ठेवला. तो सैल बसला.

"त्यासना अंगठा मोठा व्हता."

आकडा त्यांच्या यजमानांचाच होता का? कोण सांगणार. पण लहानपणी शाळेत जाताना जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकातून असेच आकडे मी रोज पाहत असे. मग ओळखला कसा नाही?

आताच नवी पाटी लिहिली. शेवटची ओळ: खळगा हमालाच्या अंगठ्याने पडलेला आहे.