रंजिताच्या लग्नाची पत्रिका

सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप विमलअक्काच्या चरणी धाकट्या चुडामणचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा, तुझा चष्मा आणि तुझी शेजारीण या तिघांच्या प्रकृतीची खबर कळवावी. इकडे मी, मालूबाई, सागर आणि सूनबाई पूजा सगळे खुशाल आहोत. तू मोबाइलला विंचवासारखी लांब ठेवतेस, म्हणून कागद-पेन घेऊन बसलो. आधी मुख्य बातमी सांगून मोकळा होतो. मला अटक झालेली नाही, कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही, आणि काल दुपारी आठ-दहा दिवसांनी मला पहिल्यांदा नीट झोप लागली (इतकी की मालूबाईने दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं). माझ्याबद्दल चाळीसगावपर्यंत काही पोचलं असेल तर त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं माझ्याकडूनच ऐक.

'शाहपूरची रंजिता' नावाची एक कादंबरी आहे. लेखक निंबाजी फेगडे. आमच्या शाळेच्या कपाटात तिची एक प्रत होती, ती मी पंचवीसेक वेळा वाचली असेल. रंजिता ही शिवणकाम करून पोट भरणारी पोर. एका माणसाची वाट पाहत दोनशे तेरा पानं काढते, तो काही येत नाही, आणि दोनशे चौदाव्या पानावर पिशवी घेऊन शाहपूरच्या बसस्टँडवर येऊन बसते. बस येते. कादंबरी संपते. ती बसमध्ये चढली, की परत घरी गेली, की तिथेच बसून राहिली, लेखकाने एका अक्षराने सांगितलेलं नाही. शहाण्यासुरत्या समीक्षकांनी म्हणे या शेवटाची फार वाखाणणी केली. मला मात्र तीस वर्षं राग आहे. एका तरण्या पोरीला उन्हात बसवून हा माणूस निघून गेला कसा? अजूनही शाहपूरवरून जाताना माझी मान आपोआप स्टँडकडे वळते (कोणाला शोधता, असं मालूबाई विचारते. आता तिला काय सांगायचं).

मागच्या वर्षी हे दुःख मी सूनबाईजवळ बोललो. ती म्हणाली की आजकाल पोरं दुसऱ्याच्या कादंबरीतली माणसं घेऊन पुढची गोष्ट स्वतःच लिहितात, मोबाइलवर टाकतात, आणि त्याला फॅन फिक्शन म्हणतात. मी म्हटलं, आमच्या वेळी त्याला नक्कल म्हणत. अक्का, बत्तीस वर्षं मी परीक्षेत पोरांच्या बाह्यांतून, मोज्यांतून, एकदा तर टोपीच्या अस्तरातून चिठ्ठ्या काढल्या आहेत. मला पाहून पोरांना घाम फुटायचा. आता तोच मी दुसऱ्याच्या वहीत डोकावणार? पण पूजा म्हणाली, "पप्पाजी, इसमें चोरी क्या? नाव ज्याचं त्याला द्यायचं, बस." मग मलाही एकेक दाखले सुचू लागले. आपले कीर्तनकार बुवा कृष्णाच्या तोंडात बऱ्हाणपूरची माव्याची जिलबी घालतात, त्यांना कोणी जाब विचारतो का? ज्याला पाप करायचं असतं त्याला शास्त्र लवकर सापडतं. मी पान दोनशे पंधरा लिहायला घेतलं.

बसमध्ये बसवली मी तिला. खिडकीची जागा दिली. बऱ्हाणपूरला उतरवली, आणि आमच्याच घराची माडी रिकामी होती, तिथे भाडेकरू म्हणून आणून ठेवली (कथेत, घाबरू नकोस). पूजाने त्यासाठी एक ग्रुप काढला, त्यात एक्केचाळीस वाचक झाले. मग रंजितासाठी एक मुलगा पाहिला, नाव जीवन. मोठा पराक्रमी नाही. भाकरी करपली तर ती आपल्या ताटात ओढून घेतो आणि मला अशीच आवडते म्हणतो. रंजिता रुसली की समजूत घालत नाही, समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतो, दाणे तिच्यापुढे, टरफलं स्वतःपुढे. वाचक खूश. लग्न लावा, लग्न लावा, म्हणून सगळे मागे लागले.

इथे माझी मती फिरली. लग्न म्हटलं की पत्रिका आलीच, आणि ती मोबाइलवरची नको, कागदाची हवी, असं मी ठरवलं. आपल्या भिकनच्या छापखान्यातून पन्नास पत्रिका छापून घेतल्या. कोपऱ्यांना मालूबाईकडून हळदकुंकू लावून घेतलं आणि ग्रुपमधल्या मंडळींना टपालाने धाडल्या. मुहूर्त पंचांग पाहून काढला. कार्यालय म्हणून गावातल्या एका कार्यालयाचं नाव टाकलं. आणि वधूपित्याच्या जागी कोणाचं नाव घालणार? ज्याने तिला जन्म दिला त्याचंच. म्हणून छापलं, 'श्री. निंबाजी फेगडे यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. रंजिता'. खाली मामा म्हणून माझं नाव आणि पत्ता. ही गोष्ट आहे असं कुठेही लिहिलं नाही (लग्नपत्रिकेवर कोणी तसं लिहितं का, तूच सांग).

आता ऐक. पुस्तकावर पुण्याच्या प्रकाशकाचा पत्ता होता, म्हणून लेखक पुण्याचे, आणि इतकं चांगलं लिहितात म्हणजे बहुधा वारलेले, अशी माझी समजूत. निंबाजी फेगडे पुण्याचे नाहीत. रावेरचे आहेत. जिवंत आहेत. वय चौऱ्याहत्तर. आणि आजन्म ब्रह्मचारी.

ग्रुपमधल्या एकाने पत्रिका रावेरला आपल्या मामेभावाला दाखवली, आणि दोन दिवसांत गावभर झालं की निंबाजीला बऱ्हाणपुरात एक मुलगी आहे. ज्येष्ठ म्हटलंय म्हणजे आणखीही असतील, असा हिशोब लोकांनी आपणहून केला. भजनी मंडळाने त्यांना टाळ देणं बंद केलं. थोरल्या भावाने बोलणं टाकलं. भावजय मात्र हुशार, ती दोन नणंदांना घेऊन मुहूर्तावर थेट कार्यालयात हजर झाली. तिथे त्या दिवशी भलत्याच कोणाचं तरी लग्न होतं. तिघी जेवल्या, आहेर दिला, आणि नवरीचं नाक हुबेहूब निंबाभाऊंचं आहे असं पाहून परत गेल्या.

यातलं मला काही ठाऊक नाही. मी इकडे जीवन-रंजिताचा संसार आमच्याच माडीवर थाटून त्यांच्या सत्यनारायणाचं प्रकरण लिहितोय, आणि दारात पोस्टकार्ड पडलं: 'मंगळवारी येत आहे. घरी राहावे. नि. फेगडे.' मी वकिलाकडे धावलो. त्याने कायद्याचं जाडं पुस्तक उघडलं, थोडं वाचलं, माझ्याकडे न पाहता मिटलं आणि चहा मागवला. त्या चहाची चव अजून माझ्या तोंडात आहे. मला तुरुंगाची इतकी भीती नव्हती, अक्का. मला दिसत होतं ते एवढंच की माझे जुने विद्यार्थी चौकात उभे आहेत आणि म्हणताहेत, मास्तर कॉपी करताना सापडले.

मंगळवारी अकरा वाजता फेगडे आले. उंच, वाळलेले, हातात ती पत्रिका. दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि वाकून पाया पडणाऱ्या माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सगळं कबूल केलं. पंचवीस वेळा वाचल्याचं सांगितलं, स्टँडकडे मान वळते ते सांगितलं, चुकलो म्हणालो, आणि सगळं पुसून टाकतो म्हणालो. मालूबाईने पाणी आणलं. त्यांनी हाताने तांब्या बाजूला सारला. आपल्याकडे पाणी नाकारलं म्हणजे वैरच. मग ते माडीच्या जिन्याकडे बघत म्हणाले, "पोरीच्या सासरचं पानी बाप पेत नही, मास्तर."

मला समजायला वेळ लागला. मालूबाईला लागला नाही. ती आत गेली, टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आली, आणि व्याह्याचा करतात तसा त्यांचा मान केला. म्हातारा टोपी घालून बसला आणि रडायला लागला. मग म्हणाले की तिसऱ्या महिन्यापासून सगळी प्रकरणं भाच्याच्या मोबाइलवर वाचतोय. मी भीत भीत विचारलं, खरं सांगा, ती बसमध्ये चढली होती ना? ते म्हणाले, "मले ठाऊक असतं तर मी लिहिलं नसतं का?" अक्का, तीस वर्षांचा माझा राग त्या एका वाक्यात विरघळला. शेवट मोठा म्हणून नव्हे, सुचला नाही म्हणून तसा होता बिचारा.

भांडायचं ते मात्र भांडले. माझी मुलगी उजवलीत आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत, मागणी घालायला यायचं होतं, मी काय नाही म्हणालो असतो? मी दोन्ही कान धरले. शेवटी ठरलं ते असं की माझं लिखाण कुठून सुरू होतं ते स्पष्ट लिहायचं, वर त्यांचं नाव मोठं, खाली माझं लहान, आणि तिच्या बाबतीत काही गंभीर करायचं असेल तर आधी रावेरला विचारायचं. मी त्याच संध्याकाळी रावेरला जाऊन भजनी मंडळासमोर सगळा खुलासा केला. टाळ परत मिळाले. भावजयीला अजून पटलेलं नाही, ती नाकावर अडून आहे. एकूण देवाने लाज राखली. गुडघ्याला जपावे, औषध वेळेवर घ्यावे, मालूबाईचा नमस्कार.

तुझा निर्दोष सुटलेला भाऊ,
चुडामण

ता. क. निघताना फेगड्यांनी विचारलं की सगळ्यात जिवंत माणूस जीवन आहे, हा कुठून आणला? मी म्हणालो, सुचला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चिठ्ठी लपवणाऱ्या पोराकडे पाहायचो. अक्का, तो सुचलेला नाही. ते आपले दाजी आहेत, जसेच्या तसे उतरवलेले. करपलेली भाकरी त्यांची, शेंगा त्यांच्या. एक्केचाळीस लोकांनी तुझा संसार वाचला आणि तुला पत्ता नाही. फेगड्यांनी जी बाई नुसती मनाने रचली तिच्यासाठी मी पाया पडून माफी मागितली, आणि तू ज्यांच्याबरोबर अडतीस वर्षं काढलीस त्यांना उचलताना तुला विचारलंही नाही. आता फेगडे म्हणतात दोघांच्या नावाने दुसरा भाग छापू. हे पत्र खरं तर त्यासाठी आहे. हो की नाही, एवढंच एका कार्डावर लिही. नाही म्हणालीस तर जीवनला काढून टाकतो, आणि रंजिताला मी स्वतः पोचवून येईन परत शाहपूरच्या स्टँडवर.

ता. ता. क. हो म्हणालीस तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. फेगड्यांचं म्हणणं की शेवटी जीवन मेला पाहिजे, त्याशिवाय कादंबरीला वजन येत नाही. त्यांना मी त्या दिवसात एकदाच नाही म्हणालो. ते एकदा पाहिलंय आपण, अक्का, तू आणि मी, दवाखान्याच्या त्या बाकावर. माझ्या कागदावर दाजी म्हातारे होतील, त्यांचे सगळे दात पडतील, आणि स्वतःला एकही दाणा चावता येत नसताना ते तिच्यासाठी शेंगा फोडत बसतील. एवढं एक मी कोणालाही न विचारता ठरवलं आहे.