दोन बाटल्यांची समान वाटणी

लालबाग, मुंबई
१२ ऑगस्ट १९८३

तीर्थरूप महादेवदादास,

धाकट्या सीतारामचा साष्टांग नमस्कार. (नमस्कारापुरतं 'तीर्थरूप', पुढे सवयीप्रमाणे 'तू'.) इकडे तुळसा, मुलं आणि मी ठीक आहोत. तुझी, वहिनींची आणि गुरांची खुशाली कळव. नारळी पौर्णिमा तोंडावर आली, म्हणजे रापणीचं जाळं ओढायला तू सगळ्यांच्या पुढे असणारच. संपाबद्दल लिहीत नाही. दीड वर्ष उलटलं, आणि संप चालू आहे म्हणणारे आणि कधीच मोडला म्हणणारे नाक्यावर एकाच बाकावर बसून एकच विडी ओढतात, त्यामुळे नक्की काय ते मलाही ठाऊक नाही.

पोटाचं मात्र सविस्तर लिहितो. गेले आठ महिने मला दिवसातून सात-आठदा जावं लागत होतं आणि रक्त पडत होतं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी आमांश ठरवला, तुळसाने उष्णता ठरवली, आणि गिरणीत शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, असणाऱ्या दगडूने (त्यालाही अगदी हाच त्रास) गिरणीमालकांचे शाप ठरवले. तिन्हींवर उपाय करून झाले. शेवटी दगडू आणि मी परळच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे मृणालिनीबाई म्हणून डॉक्टर आहेत, वयाने आपल्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी एक लांब काळी नळी घालून आतडं आतून बघितलं. (कुठून घातली ते विचारू नकोस, तू पत्र वाचशील तेव्हा वहिनी ऐकत असतील.) नळीला बघायला दुसरंही एक भिंग होतं, त्यातून मी हट्टाने स्वतः बघितलं. लालभडक, ओलं, जागोजागी खरचटलेलं. चाळीस वर्षं आम्ही एकत्र राहतो, ओळख आत्ता झाली. बाईंनी त्याचा कणभर तुकडा काढून तपासला आणि सांगितलं की आमांश नाही, टीबी नाही, गाठ नाही; मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा आहेत. कशाने होतं, विचारलं. तर म्हणाल्या, ते अजून जगात कुणालाच नीट ठाऊक नाही. दादा, एवढं शिकलेलं माणूस 'ठाऊक नाही' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं आणि त्याच क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

या दुखण्यावर एक जुनं औषध आहे आणि एक नवीन आलंय. कुठलं बरं, हे शोधायला साठ रोग्यांचा अभ्यास चाललाय. प्रत्येकाला नंबराची बाटली. आत काय ते रोग्याला सांगायचं नाही आणि बाईंनाही ठाऊक नसतं, यादी तिसऱ्याच कुणाच्या कपाटात बंद. औषध फुकट. नाव कटलं तर औषधही बंद होणार अशी माझी समजूत, आणि विकत घेणं या दिवसांत शक्य नव्हतं, म्हणून मी नियम जिवापाड पाळायचं ठरवलं. किती वेळा गेलो ते रोज वहीत लिहायचं होतं. मी लाजून दोन-तीन कमी लिहायचो, पण चाळीत संडासाच्या रांगेसमोर राधाबाई तांदूळ निवडत बसतात. त्या म्हणायच्या, "आज सात झाले हां सीताराम, पाच लिवू नको." बाईंना हे कळल्यावर त्यांनी राधाबाईंना निरोप पाठवून शाबासकी दिली.

आता चूक सांगतो. आठवड्याभरात दगडूची लघवी नारिंगी झाली, माझी होती तशीच राहिली. म्हणजे बाटल्या वेगळ्या. दगडू म्हणाला, "तुला औषध दिलं गड्या, मला नुसता रंग." मला वाटलं, रंग चढतो म्हणजे त्याचंच जोरदार. दोन दिवस आमचं बोलणं तुटलं. मग दोघांनाही वाटलं, संपात युनियनकडून आलेलं धान्य आपण मूठमूठ मोजून वाटून घेतो आणि औषधावरून भांडतो, हे बरं नव्हे. दोन्ही बाटल्या परातीत ओतल्या (गोळ्या वरून सारख्याच दिसतात), नीट कालवल्या आणि निम्म्या-निम्म्या भरून घेतल्या. दुसऱ्या आठवड्यात दोघेही फिकट नारिंगी. एकोपा झाला.

हे दगडूने बाईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, मला विचारलं की गिरणीत नवीन सूत कसं पारखतात. मी खुलून सांगितलं: एका साच्यावर जुनं सूत लावतात, एकावर नवीन, आणि विणकराला सांगत नाहीत, कारण नवीन आहे कळलं की तो एक तर जास्त जपतो नाही तर सगळे दोष त्याच्यावर ढकलतो. त्यांनी विचारलं, आणि कुणी दोन्ही सूत एकत्र केलं तर? मी म्हणालो, "त्याला गेटाबाहेर काढा बाई." म्हणालो आणि दगडूकडे बघितलं. दगडू पंख्याकडे बघत होता.

आमची दोन्ही नावं कटली. मला फार वाईट वाटलं, आणि भीतीही वाटली. पण बाई म्हणाल्या, अभ्यास वेगळा आणि उपचार वेगळा. जुनं औषध इस्पितळातून मिळत राहील. मिळतंय. तीन आठवडे रक्त नाही, आणि राधाबाईंचा आकडा दोनावर आला आहे. नवीन औषध बरं की जुनं, हे दोन वर्षांनी कळणार. उत्तर निघालं की मला पोस्टकार्ड टाका, असं बाईंना सांगून ठेवलंय. दोन वर्षं वाट बघायला आता मला एक कारण मिळालं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
सीताराम

ता. क. आमच्या दोन जागा रिकाम्या आहेत. त्यांना असा रोगी हवा ज्याने आजवर या दुखण्यावर कसलंही औषध घेतलेलं नाही. जन्मात गोळी गिळली नाही ही तुझी बढाई इथे पहिल्यांदाच कामाला येईल. दादा, तुला शिमग्यापासून रक्त पडतंय हे मला कळलंय. बाईंनी विचारलं होतं की सख्ख्या नात्यात कुणाला असं आहे का, तेव्हा मी नाही म्हणालो. काल जाऊन ते दुरुस्त करून आलो. अभ्यासात बसतोस की नाही हे नळी घालून बघितल्यावरच ठरेल. नाही बसलास तरी उपचार होईल. बाटली मिळाली तर मी मागितली तरी मला देऊ नकोस.

पुन्हा ता. क. वहिनींवर चिडू नकोस. त्यांना लिहिता येत नाही, मला हे कळवणारं पत्र त्यांनी पोस्टमास्तरांकडून लिहून घेतलं आणि ते लिहीत असताना पोस्टात बरेच लोक होते. म्हणजे गावात कुणापासून लपवायचं आता राहिलेलंच नाही. सोमवारच्या एसटीने निघ, मी परळ डेपोत उभा राहीन.