पॉइंट होपचं विमान

कॉटझेब्यू, अलास्का
जुलै १९९६

उपासनावहिनी,
जयभीम. फोनवर बोलवलं नाही म्हणून लिहितोय. पोस्टात टाकवेल असं वाटत नाही.

तुम्ही परवा चिडून म्हणालात, "भावजी, नकाशात दोन्ही गावं बोटभर अंतरावर आहेत. भावाला बघायला जाववत नाही?" खरंय, विमानानं तासाभराचंच अंतर. पण इथं रस्ताच नाही. दादा पॉइंट होपला कामगारांचा स्वयंपाक करता करता तापानं पडला आणि मी इकडं हॉटेलात भांडी घासत अडकलो. रोज सकाळी बॅग घेऊन विमानतळावर जायचो. काउंटरवरची म्हातारी म्हणायची, "धुकं आहे पोरा, कॅन्सल." एकदा उडालो, तर अर्ध्या वाटेतून परत. मी पायलटशी भांडलो. तो म्हणाला, "खाली जमीनच दिसत नाही, उतरवू कुठं?"

आज लख्ख ऊन पडलं. म्हातारीनं मला लांबूनच पाहिलं, बाहेर आली आणि माझा हात धरला. दादा पहाटे गेला, वहिनी. तेच विमान त्याला घेऊन इकडं येतंय.

थोड्याच वेळात तुमचा फोन आला. मागून कुशल ओरडत होता, "काका, बाबांना फोन द्या ना!"

मी म्हणालो, अजून धुकंच आहे.

तुमचा दीर,
सुगत