सव्वासहा गोळ्या

३ मार्च, सकाळी
पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून कोपऱ्यावरच्या केमिस्टने मॅग्नेशियम सायट्रेट दिलं. रोज एक गोळी. नियमित घेणार. महिनाअखेर बढतीची यादी लागतेय. मुख्य वजनमापे निरीक्षकाने खुर्चीकडे लंगडत जाणं बरं दिसत नाही. नाव माझंच. दुसरं आहेच कोण?

३ मार्च, संध्याकाळी
डबी वाचली. सायट्रेट ५०० मिलिग्रॅम. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यातलं मॅग्नेशियम ८०. म्हणजे ४२० गायब! बावीस वर्षं लोकांचे तराजू तपासतोय, आणि मलाच काटा मारला? बायको म्हणाली, बाकीचं सायट्रेट असेल. तिला काय कळतंय!

५ मार्च
केमिस्टवर केस ठोकली. तो म्हणे, साहेब, मॅग्नेशियम नुसतं देता येत नाही, कशात तरी बांधूनच येतं. पकडला गेला की जो तो शास्त्र सांगतो. ऑफिसातल्या ज्युनिअर बाईंनी फाइल वाचून विचारलं, सर, नक्की ना? जळतात. सुनावणी १२ला, मोठ्या साहेबांसमोर. बढतीवर सहीही त्यांचीच. सोन्यासारखी संधी.

६ मार्च
तूट स्वतःच भरून काढायची ठरवली. पाचशे भागिले ऐंशी, सव्वासहा गोळ्या. पाव गोळी ब्लेडने कापून ऑफिसच्या तराजूवर तोलली. ही शिस्त हल्ली कुणात राहिली नाही.

७ मार्च
पोट बिघडलं. कॅन्टीनवाल्याचं तेल.

७ मार्च, दुपारी
पुन्हा. कॅन्टीनवाल्याला नोटीस काढणार.

९ मार्च
कॅन्टीन बंद केलं, तरी तेच. बायको म्हणते, अहो, गोळ्या थांबवा. शरीरशुद्धी चालू आहे, असं तिला दाराआडून समजावलं. गोळे मात्र थांबले. गोळे यायला पाय एका जागी असावे लागतात.

११ मार्च
आजही सव्वासहा. आता कमी केल्या तर केमिस्ट खरा ठरेल.

१२ मार्च
सुनावणी. 'वजन म्हणजे विश्वास' एवढं वाक्य पूर्ण झालं. मग पळालो. पंचवीस मिनिटं. साहेबांनी फाइल ज्युनिअर बाईंना दिली. त्या म्हणे शांतपणे म्हणाल्या, मधाच्या बाटलीचं वजन वेगळं, आतल्या मधाचं वेगळं. डबीवर दोन्ही आकडे छापलेत, फसवणूक कुठंय? शिपायाने निकाल बाथरूमच्या दाराबाहेरून वाचला, तोही खणखणीत आवाजात. केमिस्ट निर्दोष. सहीचा कागद दाराखालून आत सरकवला. केली सही.

तांत्रिक मुद्द्यावर हरलो. बढतीशी याचा काही संबंध नाही.

३१ मार्च
यादी लागली. मुख्य निरीक्षक, ज्युनिअर बाई.

अभिनंदन करायला गेलो. त्या खुर्चीतून उठल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आधी भांड्याचं वजन वजा करायचं, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी मला सरांनीच शिकवलं. अगदी मनापासून म्हणाल्या, तेच जास्त लागलं.

मी हो म्हणालो. मग मॅडम म्हणालो.